सरांनी आराम केला त्याची गोष्ट

येत्या रविवारी आपण काहीही करायचं नाही, असं सरांनी शुक्रवारी जाहीर केलं आणि तिथेच चुकलं. आराम ही गुपचूप करायची गोष्ट आहे. जाहीर केलेल्या आरामाला पाय फुटतात.

सर मूळचे कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक. चाळिशीला टेकल्यावर त्यांना वर्षभर परदेशी शिकायला जायची संधी मिळाली. ज्या वयात माणूस मुलांच्या वह्यांना कव्हरं घालतो, त्या वयात ते पाठीला दप्तर लावून वर्गात बसू लागले. वर्गातली बाकीची पोरं त्यांच्या निम्म्या वयाची. ती सरांना सरळ नावाने हाक मारत, आणि दर वेळी सर मागे वळून बघत, की हे नेमकं कोणाला बोलावताहेत. 'सर' म्हणणारा त्या अख्ख्या शहरात एकच माणूस होता. त्याच घरात, वरच्या मजल्यावरच्या शेजारच्या खोलीत राहणारा, आपल्याच भाषेचा एक तरुण. काँक्रीटला तडे का जातात यावर त्याचं संशोधन चाललं होतं. पदवी अजून हातात यायची होती, पण त्याच्या घरचे त्याला आत्तापासूनच डॉक्टर म्हणत, म्हणून सरही म्हणत. त्याचा परिणाम असा झाला होता, की तो हल्ली औषधोपचारही सांगू लागला होता.

"आराम म्हणजे नुसतं लोळणं नव्हे, सर," तो म्हणाला. "लोळल्याने पाठ आखडते. थोड्या थोड्या वेळाने उठून चालायचं."

"उठून चालायचं असेल तर मग आराम कसला?"

"म्हणजे तुम्हाला शास्त्रशुद्ध आराम नकोय."

सरांनी बायकोला फोनवर सांगितलं. तिला आनंद झाला. "आराम करणारच आहात, तर खोलीचे पडदे धुऊन टाका," ती म्हणाली. "बसल्याबसल्या होतील." मग आईने फोन घेतला. "डोक्याला तेल लाव, पोट साफ ठेव आणि कुणाशी बोलू नकोस. बोललास की तू हो म्हणून बसतोस." तिन्ही सल्ल्यांत हा शेवटचा तेवढा अगदी मोलाचा होता, आणि म्हणूनच सरांनी तो मनावर घेतला नाही.

घराच्या मालकीणबाई तळमजल्यावर राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, एका गुडघ्याने अधू. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. सर मनातल्या मनात त्यांना 'काकू' म्हणत. तोंडाने म्हणायला तिथल्या भाषेत तसा शब्दच नव्हता. त्या घराच्या जमिनी लाकडी होत्या, त्यामुळे वर बोललेलं सगळं खाली ऐकू जाई, कळलं नाही तरी. 'रविवार' हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकून काकूंनी त्याचा अर्थ डॉक्टरला विचारला असावा. शनिवारी जिन्यात त्यांनी सरांना गाठलं.

"उद्या तू मोकळा आहेस म्हणे."

सर खोटं बोलले असते, पण परक्या भाषेत खोटं बोलायला तयारी लागते. "हो," ते म्हणाले.

"मग मला चर्चपर्यंत सोबत कर. पायऱ्या हल्ली एकटीला जमत नाहीत. तासाभराचं काम आहे. मग दिवसभर तू आणि तुझा आराम."

काकूंनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं. उलट थंडी सुरू झाली तेव्हा स्वतःहून एक जादा रजई वर आणून दिली होती. सरांनी हिशेब केला. चर्चमध्ये बसायला बाकं असतात. बसणं हासुद्धा आरामच. ते हो म्हणाले.

रविवारी सकाळी सरांनी सूट घातला. तो सूट मुलाखतीसाठी शिवलेला होता आणि त्याच्यासोबत बायकोने निवडून दिलेले निमुळत्या टोकाचे काळे बूट होते. देवाच्या घरी, मग तो देव कोणाचाही असो, नीटनेटकं जावं, असं सरांचं मत होतं. टायही लावला. डॉक्टर दारात उभा राहून बघत होता. "या बुटांनी टाचा सोलतील," तो म्हणाला. सरांनी दुर्लक्ष केलं. काँक्रीटवाल्याकडून टाचांबद्दल ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

चर्चमध्ये शिरताच काकूंनी डावीकडचं पुढचं बाक पकडलं. मधल्या वाटेच्या पलीकडे, उजवीकडच्या पुढच्या बाकावर एक उंच, ताठ कण्याच्या बाई बसल्या होत्या. रेनकोट, पायांत जाडजूड चालायचे बूट, मांडीवर हातमोजे. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. काकूंनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. पण एकमेकींकडे न बघण्यात दोघींनी इतका जीव ओतला होता, की सरांना ते लगेच कळलं. असं न बघणं जगात एकाच नात्यात जमतं.

"कोण त्या?" सरांनी हळूच विचारलं.

"माझ्या नवऱ्याची बहीण," काकू म्हणाल्या.

म्हणजे नणंद. सरांना घर सोडून इतक्या दूर आल्यावर पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं.

प्रार्थना सुरू झाली. सगळे उठले, सर उठले. सगळे बसले, सर बसले. मग सर उठले आणि तेव्हा कोणीच उठलं नव्हतं. ते परत बसले. एवढ्यात काकूंनी कोपराने ढोसलं. "तिच्या शेजारची खिडकी उघडी आहे. वारा येतोय. तिला सांग, बंद कर."

"मी?"

"मी नाही बोलत तिच्याशी."

सर उठले, पाठीतून वाकून मधली वाट ओलांडून गेले. नणंदबाईंच्या कानाशी लागून म्हणाले, "त्या म्हणतात, खिडकी बंद करा. वारा लागतो."

"तिला सांग," नणंदबाई समोर बघत म्हणाल्या, "वाऱ्याने आजवर कोणी मेलेलं नाही."

सर परत आले, निरोप दिला. काकूंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "तिला सांग, तिच्या भावाला शेवटचा आजार वाऱ्यानेच झाला होता." सर पुन्हा गेले. एव्हाना पाद्रीबाबा प्रवचन थांबवून, चष्मा काढून या येरझाऱ्यांकडे बघत होते. प्रवचन शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल चाललं होतं.

इथे सरांच्या भाषेबद्दल सांगायला हवं. ती भाषा सर पुस्तकातून शिकले होते, तीही इतिहासाच्या. तह, वारसाहक्क, दुष्काळ, वेढा यांवर ते अस्खलित बोलत. पण दुकानात चहाची गाळणी मागायची वेळ आली की हातवारे करत. शिवाय समोरचा भरभर बोलू लागला, की वाक्याचं शेपूट तेवढं त्यांच्या हाती लागे आणि त्यावरून ते पुढचं जनावर ओळखत.

पाद्रीबाबा म्हणाले, "आज आपल्याकडे दूरदेशीचे एक पाहुणे आलेले दिसतात." सगळ्या माना वळल्या. सर उभे राहिले. आता उभं राहणं बरोबर होतं. मग पाद्रीबाबांनी लांबलचक काहीतरी विचारलं. त्याच्या शेवटी 'डोंगर' हा शब्द होता. तुमच्याकडे डोंगर आहेत का, असं विचारत असणार, हे सरांनी ताडलं. देशाभिमान जागा झाला.

"आहेत तर!" ते मोठ्याने म्हणाले. "मोठ्या आनंदाने!"

दुसरं वाक्य का जोडलं, ते सरांनाही नंतर सांगता आलं नाही. टाळ्या झाल्या. काकूंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. नणंदबाईंनीही बघितलं. प्रार्थना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये चहा घेताना उलगडा झाला, की पाद्रीबाबांनी विचारलं होतं, आज दुपारी आमची मंडळी होडीने बेटावर जाऊन तिथला डोंगर चढणार आहेत, आपण याल का?

"मी नाही जाऊ शकत," सर घाईघाईने काकूंना म्हणाले. "मला आराम करायचाय. तुम्ही सांगा त्यांना."

काकू चहाच्या कपात बघत होत्या. "बरीच वर्षं झाली, मी गेले नाही बेटावर," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवला. "पण तू निघालाच आहेस, तर मलाही यायलाच हवं. परक्या मुलाला समुद्रावर एकट्याला कसं सोडायचं?"

"मी निघालेलो नाही."

"सगळ्यांसमोर आनंदाने म्हणालास."

हे बोलणं हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचलं. नणंदबाई दरवर्षी ही सहल नेत. त्या ताडताड चालत आल्या, सरांसमोर उभ्या राहिल्या आणि काकू हातभर अंतरावर असताना म्हणाल्या, "तिला सांग, तिच्या गुडघ्याला तो चढ झेपणार नाही."

सरांनी काकूंकडे वळून सांगितलं.

"तिला सांग, गुडघा माझा आहे."

सरांनी नणंदबाईंकडे वळून सांगितलं. दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. पण निरोप सरांच्या तोंडून आल्याशिवाय दोघीही तो ऐकल्याचं मान्य करत नव्हत्या. सरांना वाटलं, आपण म्हणजे पोस्टाच्या खिडकीतला कारकून. शिक्का मारल्याशिवाय पत्र पुढे जात नाही.

धक्क्यावर होडीच्या कचेरीत खरोखरीच एक कारकून होता. त्याच्यापुढे नियमांची पाटी होती. समूहाने जायचं तर समूहाला एक प्रमुख हवा, त्याने सही करायची, नारिंगी जाकीट घालायचं, आणि परतताना सगळे आले की नाही ते बघूनच होडीत शेवटी चढायचं.

नणंदबाईंनी सवयीने पेन उचललं. काकू म्हणाल्या, "तिला सांग, तिच्या हाताखाली मी जाणार नाही."

सरांनी सांगितलं. नणंदबाईंनी पेन ठेवलं. "तिला सांग, मग तिने व्हावं प्रमुख. मी घरी जाते."

मागे मंडळी खोळंबली होती. त्यांतले एक निवृत्त दंतवैद्य पुढे झाले. दात काढायच्या आधी बोलायच्या मऊ आवाजात ते म्हणाले, "असं करू. पाहुण्यांनाच प्रमुख करू. ते कोणाच्याच बाजूचे नाहीत."

"मला बेट माहीत नाही," सर म्हणाले.

"बेट लहान आहे," कारकून म्हणाला. "हरवायला जागाच नाही."

आयुष्यभर अलिप्त राहण्याचा सरांना अभिमान होता. कॉलेजातल्या दोन्ही गटांनी त्यांच्याकडे मत मागितलं, तेव्हा ते आजारी पडले होते. घरात सासू-सुनेच्या वादात ते अंघोळीला जात. पण या धक्क्यावर न्हाणीघर नव्हतं. त्यांनी सही केली. मुलाखतीच्या सुटावर नारिंगी जाकीट चढलं. टाय वरून बाहेर डोकावत राहिला.

होडीत काकूंनी भांडणाचं मूळ सांगितलं. नवऱ्याच्या अंत्यविधीला कोणतं गाणं म्हणायचं ते काकूंनी ठरवून दिलं होतं. ऐन वेळी नणंदेने ऑर्गन वाजवणाऱ्याला दुसरंच गाणं वाजवायला लावलं. "सगळे उभे राहून तेच गायला लागले. मी एकटी तोंड मिटून उभी. माझ्या नवऱ्याच्या दफनाला मी मुकी!"

"एवढंच?" सरांच्या तोंडून गेलं.

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की सरांनी समुद्राकडे बघायला सुरुवात केली.

होडीतून उतरल्यावर बेट दिसायला सोपं होतं. वर माथ्यावर हवामान वेधशाळेची जुनी दगडी इमारत. काकूंचे सासरे तिथे वेधशाळेत नोकरीला होते आणि सगळं कुटुंब त्याच इमारतीतल्या दोन खोल्यांत राहत होतं. म्हणजे त्या माथ्यावर एकीचं माहेर होतं आणि दुसरीचं सासर. हे कळल्यावर सरांना प्रश्नाचं गांभीर्य समजलं. इतिहासात एका टेकडीवर दोघांनी हक्क सांगितला की पुढे काय होतं, हे त्यांनी वर्गात अनेकदा शिकवलं होतं.

वर जायला दोन वाटा. एक लांबून, वळसा घेत, सौम्य. दुसरी समोरून, खडी. नणंदबाई म्हणाल्या, "तिला सांग, लांबची वाट." काकू म्हणाल्या, "तिला सांग, मी लग्न होऊन आले तेव्हा याच खड्या वाटेने डोक्यावर ट्रंक घेऊन चढले होते." दंतवैद्य आणि बाकीची मंडळी शहाणी होती. ती केव्हाच लांबच्या वाटेने चालू लागली. उरल्या दोघी आणि त्यांचे प्रमुख.

दोघी सरांकडे बघत होत्या.

इकडे आड, तिकडे विहीर असली की शहाणा माणूस जागेवर उभा राहतो. सरांना दोन्हींच्या मधून जाणारी एक पुसट वाट दिसली. "आपण मधून जाऊ," ते म्हणाले. अलिप्ततेचा तो सर्वोच्च क्षण होता. ती वाट मेंढ्यांनी पाडलेली होती आणि मेंढ्यांना वर जायचं नसतं, हे थोड्याच वेळात कळलं.

आधी वाट झुडपांत शिरली. मग तारेचं कुंपण आलं. काकूंना दोन तारांमधून अलगद पलीकडे नेता नेता सरांची पँट मागून अशा ठिकाणी फाटली, की त्यानंतर त्यांनी दोघींच्या मागून चालण्याचा निर्णय घेतला. प्रमुखाने मागे राहून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असतं, असं कारण त्यांनी दिलं. तेही अर्धंच, कारण 'पिछाडी' हा शब्द त्यांना येत होता पण 'मागून' येत नव्हता. "मी पिछाडी सांभाळतो," ते म्हणाले. नणंदबाईंनी वळून बघितलं. सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

कुंपणानंतर हिरवंगार, सपाट गवत लागलं. सरांना हायसं वाटलं. दोघी कडेच्या दगडांवरून गेल्या; सर सरळ चार पावलं गेले आणि उजवा पाय घोट्यापर्यंत आत. ते गवत नव्हतं, गवत पांघरलेला चिखल होता. पाय उपसायला त्यांनी दुसऱ्या पायावर जोर दिला. दुसरा गुडघ्यापर्यंत गेला. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण सरांनी शेकडो वेळा वापरली होती, पण ती इतकी शब्दशः आहे, हे ठाऊक नव्हतं. नणंदबाईंनी मागे फिरून त्यांच्या जाकिटाला धरलं आणि ओढलं. सर बाहेर आले. उजवा बूट आला नाही. चिखलाने एक तृप्त आवाज केला आणि तो मिटला.

"हे बघ," नणंदबाई दम खात म्हणाल्या. "तिला सांग, सगळा तिच्या हट्टाचा परिणाम आहे. तिला सांग, ती अजून तशीच मूर्ख आहे."

काकू थोड्या दूर, एका दगडावर गुडघा चोळत बसल्या होत्या आणि वारा उलट्या दिशेने होता. सकाळपासून पहिल्यांदाच काकूंना पलीकडचं ऐकू आलेलं नव्हतं. सर एका मोज्यावर लंगडत तिकडे गेले. वाटेत त्यांच्या मनात आलं, की या चिखलात आणखी एक भांडण झालं तर आपल्याला इथेच मुक्काम करावा लागेल. त्यांनी हट्टाचं वाक्य आणि आणखी एकच शब्द गिळला.

"त्या म्हणतात," सर म्हणाले, "तुम्ही अजून तशाच आहात."

काकूंचा हात गुडघ्यावरच थांबला.

"असं म्हणाली?"

"हो."

"तिने स्वतः?"

"स्वतः."

काकूंनी डोक्यावरच्या रुमालाखालून सुटलेले केस आत सारले. मग म्हणाल्या, "तिला म्हणावं, तीही काही बदललेली नाही. तशीच उंच, तशीच पुढे पुढे चालणारी. लग्न होऊन आले तेव्हा एवढीशी पोर होती. रात्री वाऱ्याला घाबरून माझ्या खोलीत झोपायला यायची. तिला म्हणावं, मला आठवतंय."

सरांना हा निरोप पोचवायचा होता, पण त्यात शब्द जरा जास्त होते. त्यांनी नणंदबाईंना सांगितलं, "त्या म्हणतात, तुम्ही लहान होतात. वाऱ्याला भीत होतात. त्यांना आठवतं."

नणंदबाईंचा चेहरा आधी लाल झाला. ही चेष्टा आहे की काय, ते त्यांना कळेना. "मी तिला मूर्ख म्हटलं आणि ती हे उत्तर देते?" त्या म्हणाल्या. मग सरांकडे निरखून बघितलं. शिक्षिका असाव्यात त्या कधीकाळी. खोटं बोलणारं पोर ओळखायची नजर होती ती. "काय सांगितलंस तू तिला?"

सर गप्प. मौनं सर्वार्थसाधनम्, पण एका बुटावर ते साधत नाही. नणंदबाई त्यांना ओलांडून थेट दगडापाशी गेल्या.

"मी मूर्ख म्हटलं होतं!" त्या ओरडल्या.

"काय?" काकू उठून उभ्या राहिल्या. "तू मला मूर्ख म्हणालीस?"

"म्हणाले! याने गाळलं!"

"मग आधी तोंडावर बोलायचं! गाणं बदललंस तेव्हाही माझ्या पाठीमागेच बदललंस!"

"त्याला आवडायचं ते गाणं! मी लहान असताना तो सारखा तेच म्हणायचा, इथेच, या बेटावर!"

"तू लहान असताना! आणि माझ्याबरोबर सगळा जन्म काढला, ते काय?"

"तेच तर!" नणंदबाईंचा आवाज एकदम खाली आला. "सगळा जन्म तुझ्याकडे होता. माझ्याकडे माझ्या लहानपणीचा तो तेवढा होता. बाकी काहीच नव्हतं माझ्याकडे."

एक मेंढी येऊन तिघांकडे बघून गेली.

"विचारायचं होतंस मला," काकू म्हणाल्या.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग कशाला विचारायचं?"

काकूंनी यावर विचार केला. सरांना वाटलं, आता पुन्हा पेटणार. पण काकू म्हणाल्या, "तरी विचारायचं," आणि हात पुढे केला. हात नणंदबाईंनी धरला. तो चढायला आधार म्हणून पुढे केला होता की आणखी कशासाठी, हे सरांना कळलं नाही आणि विचारायची सोय नव्हती, कारण आता दोघी मिळून त्यांच्याकडे वळल्या होत्या.

"आणि हा!" नणंदबाई म्हणाल्या. "निरोपातले शब्द खातो!"

"इतिहास शिकवतो म्हणे," काकू म्हणाल्या. "असाच शिकवत असेल."

"ही वाट कोणी घ्यायला सांगितली होती?"

"मी तर सरळ वाट म्हणत होते."

"मी लांबची म्हणत होते. दोन्ही वाटा चांगल्या होत्या!"

"आणि असले बूट घालून डोंगरावर कोण येतं?"

सरांना पुष्कळ बोलायचं होतं. सकाळी आपण फक्त बाकावर बसायला निघालो होतो, हे सांगायचं होतं. पण रागाच्या भरात त्यांना त्या भाषेतले तह आणि वेढेच आठवत होते.

वेधशाळेपर्यंत तिघं पोचली ती नणंदबाईंनी शोधलेल्या वाटेने. काकू त्यांच्या दंडाला धरून चढल्या. इमारतीला कुलूप होतं. दोघींनी खिडकीच्या काचेला कपाळं टेकून, हातांनी उजेड अडवून आत बघितलं. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती, तुटकी शिडी होती, रंगाचे डबे होते.

"चूल तिथे होती," काकू म्हणाल्या.

"तिथे नाही, इकडे. तिथे आईची पेटी होती."

"पेटी तू गेल्यावर हलवली आम्ही."

"कोणाला विचारून?" नणंदबाई म्हणाल्या, आणि मग दोघी हसायला लागल्या. काचेवर वाफ धरेपर्यंत हसल्या. काकूंनी बाहीने काच पुसली आणि पुन्हा बघू लागल्या. सर पायरीवर बसून मोजा पिळत होते. बाकीची मंडळी केव्हाच चढून, खाऊन, उतरून गेली होती. त्यांच्या पावाचे कण पायरीवर पडले होते.

खालून होडीचा भोंगा वाजला. ती परतीची शेवटची होडी होती.

उतरताना दोघी हातात हात घालून पुढे, आणि सर मागे. पिछाडी त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. धक्क्यावर पोचायला इतका उशीर झाला, की अख्खी होडी त्यांच्याकडे बघत होती. दोघी सफाईने चढून बसल्या. सरांना नावाड्याने अडवलं.

"प्रमुख तुम्ही?"

"हो."

"प्रमुखाने सगळ्यांच्या आधी इथे असायला हवं. तुमच्यामुळे होडी थांबली. सगळी माणसं आली?"

"आली."

"काही हरवलं?"

"बूट," सर म्हणाले.

"मग हरवल्याची नोंद करावी लागेल. त्याशिवाय सुटता येत नाही." त्याने कागद काढला. बूट कोणत्या रंगाचा, कोणत्या पायाचा, नेमका कुठे शेवटचा दिसला. होडीतली मंडळी घड्याळं बघत होती. 'शेवटचा दिसला' या रकान्यात सरांनी 'खाली जाताना' असं लिहिलं. दंतवैद्य मोठ्याने सुस्कारले. नणंदबाईंचा आवाज आला, "हा दरवेळी असाच वेळ लावतो का गं?" आणि काकू म्हणाल्या, "घरीसुद्धा असंच. जिना उतरायला अर्धा दिवस."

घरी आले तेव्हा सरांच्या डाव्या टाचेला फोड आला होता. उजवा बरा होता, त्याला बूटच नव्हता. डॉक्टर जिन्यावर भेटला. त्याने पायाकडे, पँटकडे, नारिंगी जाकिटाकडे पाहिलं, जे परत करायचं सर विसरले होते, आणि म्हणाला, "चाललात, ते बरं केलंत. आता पाठ आखडणार नाही." सरांना त्याला काँक्रीटसारखा तडा पाडावासा वाटला. तेवढ्यात खालून काकूंनी हाक मारली. घमेल्यात गरम पाणी काढलंय, पाय बुडवून बस म्हणाल्या.

स्वयंपाकघरात नणंदबाई रेनकोट काढून, बाह्या सारून, काकूंच्या कपाटातले कप हाताला लागतील तसे काढत होत्या. काकू त्यांना चुकीचे कप काढले म्हणून ओरडत होत्या. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि पाय पाण्यात सोडले. दिवसभरात पहिल्यांदाच बरं वाटलं. डोळे मिटले.

"विचार गं त्याला," नणंदबाई काकूंना म्हणाल्या, "चहात साखर किती?"

सरांनी डोळे उघडले. ते चहाच्या भांड्यापासून हातभर अंतरावर बसले होते. काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ती विचारतेय, साखर किती?"

"त्यांना सांगा, दोन चमचे," सर म्हणाले.

काकू नणंदेकडे वळल्या.

"तो म्हणतोय, एक पुरे."